कालवाची चव : एक अर्धवट चावलेला विषय

खाद्यपदार्थांच्या इतिहासात ज्यांच्याविषयी सर्वाधिक लिहिले गेले आणि ज्यांना सर्वांत कमी चावले गेले, अशा पदार्थांत कालवाचा क्रमांक बराच वर लागेल. कारण ज्या समाजांनी कालवाच्या चवीची परिभाषा घडवली त्यांतील पुष्कळ रसिक ते कच्चेच शिंपीतून थेट घशाखाली सोडतात, आणि ज्या समाजांनी ते पिढ्यान्‌पिढ्या शिजवून, नीट चावून खाल्ले त्यांना त्याविषयी लिहून ठेवण्याची गरज कधी भासली नाही. या दुसऱ्या वर्गात मुंबईच्या पश्चिम किनाऱ्यावरील कोळीवाडे मोडतात, आणि त्यांतही खार व जुहू यांच्या दरम्यान समुद्राला खेटून वसलेला खारदांडा अभ्यासकाच्या विशेष सोयीचा आहे, कारण येथे दोन्ही परंपरा एका रिक्षाभाड्याच्या अंतरात पाहता येतात. महानगरातील काही महागड्या हॉटेलांत परदेशातून विमानाने आलेली सहा कालवे बर्फावर मांडून त्यांचे गाव, कूळ आणि स्वभाव सांगणारे पत्रक शेजारी ठेवले जाते. दांड्याच्या बाजारात मात्र त्याच कुळातील प्राणी शिंपीतून सोडवून स्टीलच्या पातेल्यात एकत्र बसवलेला असतो आणि त्याच्याविषयी दोनच विशेषणे वापरली जातात, विकणारीच्या मते ‘ताजं’ आणि घेणाऱ्याच्या मते ‘महाग’.

कालव म्हणजे मृदुकाय प्राण्यांच्या संघातला, दोन शिंपांच्या मध्ये राहणारा आणि खडकाला कायमचा चिकटलेला जीव. त्याचे डिंभ, म्हणजे अंड्यातून निघालेले सूक्ष्म पिल्लू, साधारण दोन ते तीन आठवडे पाण्यात हिंडते, मग एखादी टणक जागा पसंत करते, स्वतःच तयार केलेल्या चुनखडीयुक्त द्रव्याने डावी शिंप तिथे जोडते आणि पुढचे सारे आयुष्य तेथून तसूभरही हलत नाही. मुंबईत घर घेणाऱ्या मध्यमवर्गीयाशी त्याचे साम्य इथे स्पष्ट होते : आयुष्यात एकदाच जागा निवडायची, ती समुद्राजवळ असावी असा आग्रह धरायचा, आणि नंतर शेजार कसाही निघाला, पाणी कसलेही आले, तरी बदलायची सोय नाही. फरक इतकाच की कालव भोगवटा प्रमाणपत्राची वाट पाहत नाही; जेट्टीची भिंत, होडीचा तळ, पाण्यात पडलेला टायर, यांपैकी काहीही त्याला चालते, आणि वर्सोवा–वांद्रे सागरी सेतूचे खांब समुद्रात उभे राहिले की त्यांवरचे पहिले रहिवासी बहुधा हेच असतील.

या चिकटून राहण्यावरूनच कालव त्याच्या भाऊबंदांपासून वेगळे ओळखता येते. तिसऱ्या नावाचे शिंपले वाळूत किंवा चिखलात स्वतःला पुरून घेतात आणि जागा बदलू शकतात. रत्नागिरी ते गोवा या पट्ट्यात आवडीने खाल्ले जाणारे शिनाणे खडकाला धरून असतात, परंतु ते धाग्यांच्या झुबक्याने, म्हणजे करारावर. गोव्यातील जुन्या घरांच्या खिडक्यांत काचेऐवजी बसवलेल्या पातळ, अर्धपारदर्शक शिंपा ज्या प्राण्याच्या, तो खाण्यापेक्षा पाहण्याच्या उपयोगी पडला. मोती देणारा शिंपला तर वेगळ्याच कुळातला आहे, आणि स्वाती नक्षत्रात पावसाचा थेंब पडून मोती होतो ही समजूत खाण्याच्या कालवाला लावण्यात अर्थ नाही. त्याच्या पोटात क्वचित एखादा खडा सापडतोच, पण तो मातकट व निस्तेज असतो आणि दाढेला लागल्यावर कौतुक होण्याऐवजी दंतवैद्याची आठवण होते.

मुंबईच्या आसपास खाण्यात येणाऱ्या कालवांचे ढोबळमानाने दोन प्रकार मानता येतात. पहिले खडकावरचे कालव, शास्त्रीय नाव सॅकोस्ट्रिया कुकुलाटा; हे आकाराने लहान, कडेला दातेरी, काळ्या बसाल्टच्या खडकाला इतके घट्ट बसलेले असते की वरची शिंप तेवढी निघते आणि खालची खडकाची मालमत्ता म्हणून तिथेच राहते. वांद्र्यापासून दांड्यापर्यंत ओहोटीला उघड्या पडणाऱ्या खडकांवर पांढरट, खरखरीत चट्टे दिसतात, ज्यांना फिरायला आलेले लोक दगडाचाच भाग समजून अनवाणी पाय ठेवतात आणि लगेच मत बदलतात, ते बरेचसे याच कालवांचे. दुसरे खाडीतले कालव, मोठे, लांबट, मऊ मांसाचे, ज्याला क्रॅसोस्ट्रिया ग्रायफॉइडिस असे नाव होते आणि ज्याचा केळव्याच्या खाडीत गेल्या शतकाच्या साठच्या दशकात बारकाईने अभ्यास झाला. ‘होते’ म्हणण्याचे कारण असे की 2017मध्ये काही संशोधकांनी जनुकीय पुराव्यावरून आशियातील या गटाला मॅगालाना या नव्या वंशात घातले आणि दुसऱ्या काही संशोधकांनी त्यास हरकत घेतली. माणसाला नाव बदलायचे तर गॅझेटात छापून आणावे लागते, कालवाला तेवढीही संधी मिळाली नाही. दांड्यात या दोन प्रकारांना अनुक्रमे बारीक आणि मोठी म्हणतात, आणि या वर्गीकरणावर आजवर कोणी हरकत घेतलेली नाही.

खडकावरचे कालव काढण्याचे काम बहुतांशी बायकांचे, आणि त्याचे वेळापत्रक पंचांगावर चालते. तिथीच्या अंकाला पाऊणने गुणले की भरतीची वेळ तासांत मिळते, म्हणजे चतुर्थीला तीनच्या आणि अष्टमीला सहाच्या सुमारास; अमावास्या-पौर्णिमेला भरती बाराच्या आसपास येते, म्हणून ओहोटी सकाळी व संध्याकाळी सहाच्या सुमारास लागते, आणि उधाणाच्या त्या दिवसांत पाणी इतके दूर हटते की एरवी न दिसणारे खडक मोकळे होतात. अशा पहाटे खडकावर उकिडवे बसून लोखंडी टोकदार हत्याराने शिंपीच्या सांध्यावर नेमका घाव घालायचा, वरचे झाकण उडवायचे, त्याच टोकाने आतला घट्ट स्नायू कापायचा आणि मऊ गोळा भांड्यात टाकायचा, ही क्रिया सरावलेल्या हाताला काही क्षणांची आहे. युरोपात कालव उघडण्याच्या जाहीर स्पर्धा होतात, त्यांत खास सुरी, टेबल, परीक्षक आणि टाळ्या असतात; येथे टेबल ओले व घसरडे आहे, परीक्षक म्हणून पुढची लाट येते आणि बोट कापले तर गुण वजा होत नाहीत, एवढाच काय तो नियमांतला भेद.

दांड्याचे हे बारीक कालव ज्या वंशातले, त्याच वंशातील सिडनी रॉक ऑयस्टर हे कालव ऑस्ट्रेलियाच्या न्यू साउथ वेल्स किनाऱ्यावर एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून शेतीसारखे वाढवले जाते, ते बाजारात येण्याजोगे व्हायला तीन-चार वर्षे लागतात, आणि त्याच्या खारट, किंचित धातूसारख्या, जिभेवर रेंगाळणाऱ्या चवीविषयी तेथील जाणकार आदराने बोलतात. दांड्याच्या चुलतभावालाही हाच खारटपणा आणि हीच धातूची झाक लाभलेली आहे. परंतु घराण्याचे मोठेपण सांगायला दरबारात भाट लागतो, आणि तो ऑस्ट्रेलियाने वेळेवर नेमला.

भाटांची खरी परंपरा पाहायची तर फ्रान्समध्ये जावे लागते. तेथे कालवाला आकारानुसार क्रमांक असतात, आणि ते उलटे : पाच क्रमांकाचे सर्वांत लहान व शून्य क्रमांकाचे सर्वांत दांडगे. मारेन-ओलेरों या भागात कालवे काही आठवडे उथळ तळ्यांत, ज्यांतील पुष्कळ पूर्वी मिठागरे होती, परिपक्व होण्यासाठी ठेवली जातात. त्या पाण्यातील एका सूक्ष्म शैवालामुळे त्यांच्या कल्ल्यांवर हिरवी-निळी छटा चढते आणि तिच्यामुळे किंमतही चढते. मुंबईच्या मत्स्यबाजारात हिरवी छटा दिसलेल्या मालाचे काय झाले असते, हे सांगण्याची आवश्यकता नाही. युरोपचे अस्सल मूळचे कालव मात्र चपटे, गोलसर, ऑस्ट्रिया एड्युलिस नावाचे. त्याची चव तांब्याच्या नाण्यासारखी सुरू होऊन बदामवर्गीय सुक्या मेव्यावर संपते असे सांगतात, आणि तांब्याचे नाणे चाखून पाहण्याचा प्रसंग जाणकारांना कधी आला होता, हे ते सांगत नाहीत.

हे मूळ कालव कमी होत गेल्यावर फ्रेंचांनी पोर्तुगीज कालव आपलेसे केले. त्याची कथा अशी की 1868मध्ये मोर्लेझियें नावाचे जहाज वादळामुळे जिरोंद नदीच्या मुखात अडकले, त्यातील कालवांचा माल नासला असे समजून तो पाण्यात फेकला गेला, आणि नासलेला समजलेला माल पुढे शंभर वर्षे फ्रान्सने चवीने खाल्ला. पुढे जनुकीय तपासणीत हे ‘पोर्तुगीज’ कालव मुळात तैवानकडचे, बहुधा पोर्तुगीज जहाजांच्या तळाला चिकटून गेलेले, असे निघाले. 1970च्या सुमारास ते विषाणूजन्य रोगाने मेले तेव्हा फ्रान्सने जपानी कुळाची कालवे आणून खाडी पुन्हा भरली, आणि आज ज्याला अस्सल फ्रेंच म्हणून चार शब्द लावून वाढतात त्यातले बहुतेक याच जपानी कुळाचे आहे. स्थानिकत्वाचा इतका कडवा अभिमान आणि अधिवासाचा इतका अलीकडचा दाखला यांचा संगम मुंबईच्या वाचकाला अपरिचित वाटू नये.

जपानी कुळातील कालवाला काकडी किंवा खरबूज यांचा वास येतो, असे पत्रकांत लिहिलेले आढळते, आणि येथे थट्टा थोडी आवरावी लागते, कारण ते खरे आहे. काकडीला काकडीचा वास देणारी नॉनाडायेनलसारखी संयुगे या कालवांतही सापडतात. खारटपणाचेही कारण नेमके आहे : कालवाला आपल्या शरीरातील मीठ आजूबाजूच्या पाण्याइतके राखावे लागते, आणि पाणी जितके खारे तितके ते आपल्या पेशींत ग्लायसिन, अॅलनिन, ग्लुटामेट यांसारखी मुक्त अमिनो आम्ले साठवून तोल सांभाळते, ही आम्लेच जिभेला गोडसर, मांसल, भरीव लागतात. म्हणून भर समुद्राकडील खडकावरचे कालव ठसकेदार आणि नदीच्या गोड्या पाण्याजवळचे फिकट, हा भेद कल्पनेतला नाही. थंडीत कालव ग्लायकोजेन नावाची पिठूळ साखर साठवते तेव्हा ते भरलेले व गोड असते. प्रजोत्पादनाच्या वेळी हीच साठवण अंडी आणि शुक्र यांवर खर्च होते आणि मांस प्रथम दुधाळ व मग पाणचट होते. या बाबतीत कालवाचा संसारही लवचीक आहे. पुष्कळ कालवे तरुणपणी नर असतात व पुढे मादी होतात, आणि युरोपचे चपटे कालव तर अनेकदा इकडून तिकडे ये-जा करते.

या ऋतुचक्रावरूनच इंग्रजांचा एक प्रसिद्ध नियम निघाला, जो 1599मधील एका आहारविषयक पुस्तकातही आढळतो : ज्या महिन्याच्या इंग्रजी नावात ‘र’ नाही त्या महिन्यात कालव खाऊ नये, म्हणजे मे ते ऑगस्ट वर्ज्य. हा नियम निष्ठेने मराठी महिन्यांना लावून पाहिला तर चमत्कारिक निकाल हाती येतो. चैत्र, श्रावण, भाद्रपद, कार्तिक आणि मार्गशीर्ष हे पाच महिने उत्तीर्ण होतात. म्हणजे अर्धे घर मांसमच्छर सोडून बसलेले असताना, समुद्र खवळलेला असताना आणि पावसाच्या गोड्या पाण्याने खाडीतील कालवांनी नुकतीच अंडी सोडलेली असताना कालव खावे, आणि पौष-माघात, जेव्हा ते खरोखर भरलेले असते, तेव्हा संयम पाळावा. केळव्याच्या अभ्यासातही प्रजननाचा काळ पावसाळ्याचाच आढळला होता. सुदैवाने कोळीवाड्याने हा नियम आयात केला नाही. नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ वाहिल्यावर होड्या बाहेर काढायच्या आणि कालवांकडे थंडीत वळायचे, हे येथील गणित एकाही अक्षरावर अवलंबून नाही.

आता प्रश्न उरतो तो कच्चे खाण्याचा. कालव पाणी गाळून त्यातील सूक्ष्म वनस्पती खाते. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरचे पूर्ण वाढलेले एक कालव अनुकूल परिस्थितीत दिवसाला 190 लिटरपर्यंत पाणी गाळू शकते असे मानतात. जे गाळले जाते त्यातील बरेच काही गाळणाऱ्यातच राहते, आणि म्हणूनच युरोपात कच्चे खाण्याच्या कालवांत 100 ग्रॅममागे 230पेक्षा अधिक ई. कोलाय जिवाणू आढळल्यास त्यांना शुद्ध पाण्याच्या टाक्यांत ठेवून पोट साफ करायला लावतात. ब्रिटनमध्ये या सक्तीच्या उपवासाची मुदत सामान्यतः किमान 42 तास असते. दांड्याच्या दक्षिणेला माहीमची खाडी असून तिच्यातून मिठी नदी समुद्राला मिळते, आणि नदी येताना रिकाम्या हाताने येत नाही. येथील कालवाची चव ‘जागेची चव’ या फ्रेंच सिद्धान्तानुसार प्रामाणिकपणे लिहायची झाली, तर पत्रक असे होईल : आरंभी समुद्राचे मीठ, मध्ये जस्ताची हलकी झाक, आणि शेवटी दीर्घकाळ रेंगाळणारे उपनगरांचे सांडपाणी. म्हणून एखादा हौशी रसिक लिंबाची फोड घेऊन कच्चे कालव मागू लागला तर दांड्याची बाई त्याच्या चवीला नावे ठेवत नाही, फक्त “शिजवून खा हो, पोट धरून बसाल” एवढेच सांगते, आणि हे एक वाक्य युरोपच्या नियमावलीचे उत्तम संक्षिप्त रूपांतर आहे. अर्थात शिजवल्याने जिवाणू मरतात, पाण्यातून आलेले जड धातू मरत नाहीत; ते मसाल्यालाही दाद देत नाहीत.

कालव शिजवण्याची रीत वरवर पाहता सोपी आहे. सोडवलेली कालवे दोन-तीन पाण्यांतून हलक्या हाताने धुवायची आणि प्रत्येक गोळा बोटांनी चाचपून शिंपीची कच काढायची, कारण बारीक कालवात कच राहतेच आणि ती नेमकी पाहुण्याच्या दाताखाली जाते. मग तेलात ठेचलेली लसूण, बारीक चिरलेला कांदा, हळद आणि कोळी मसाला परतून त्यावर कालवे टाकायची, आंबटपणाला आमसूल किंवा हंगामात कैरी, आणि वर झाकण. पाणी घालायचे नाही. कालव स्वतःच इतके पाणी सोडते की नवख्या माणसाला फसल्यासारखे वाटते. पाच-सात मिनिटांत कडा आक्रसतात, गोळा घट्ट होतो आणि तेव्हाच उतरवायचे. आणखी पाच मिनिटे ठेवले तर जे हाती लागते ते खोडरबर. शेजारच्या चुईम गावातील ईस्ट इंडियन ख्रिस्ती घरांत हेच कालव बाटली मसाल्यात, म्हणजे कुटून गडद रंगाच्या बाटल्यांत वर्षभरासाठी ठासून ठेवलेल्या मसाल्यात शिजते, आणि दोन भिंतींपलीकडे चव पालटते. सारस्वतांची एकशिपी, म्हणजे एक शिंप तशीच ठेवून शिजवलेल्या तिसऱ्या, हा तर फ्रेंचांच्या अर्ध्या शिंपीतल्या मांडणीला दिलेला जवाब आहे. फरक एवढाच की खोबऱ्याचे वाटण लावल्यावर शिंपीला चोखून स्वच्छ करण्याची सोय होते.

येथे अभ्यासक विचारतील की इतक्या मसाल्यात काकडी, खरबूज आणि तांब्याचे नाणे यांचे काय होते. काकडी पहिल्या फोडणीतच जाते, खरबूज मिरचीपुढे टिकत नाही. परंतु मीठ, धातूची झाक आणि अमिनो आम्लांचा तो मांसल गोडवा मात्र रश्श्यात उतरतो, किंबहुना रश्श्यातच अधिक चांगला कळतो. बारीक कालवाचा रस्सा गडद व खमंग, मोठ्याचा सौम्य आणि किंचित पिठूळ, आणि तांदळाच्या भाकरीचा तुकडा बुडवून दोन्हींतला भेद सांगणारी माणसे दांड्यात आहेत, फक्त त्यांना त्यासाठी कोणी शब्द पुरवलेले नाहीत. केरळात अष्टमुडीच्या तलावातील तिसऱ्यांच्या मासेमारीला 2014मध्ये आंतरराष्ट्रीय शाश्वततेचे प्रमाणपत्र मिळाले, आणि महाराष्ट्रातही 2017पासून कांदळवन संरक्षणाच्या शासकीय योजनेत कालवपालनाला अनुदान मिळू लागले, तेव्हा कधीतरी एखाद्या खाडीच्या कालवाला नाव, क्रमांक आणि पत्रक मिळणे अशक्य नाही. त्या पत्रकावर बटाट्याचा उल्लेख असेल की नाही, याविषयी मात्र शंका आहे.

आणि बटाटा वगळून या विषयाचा विचार पूर्ण होत नाही. कालवांचा वाटा आकाराने लहान आणि खाणारी तोंडे जास्त, या दोहोंतील अंतर अनेक घरांत बटाट्याच्या फोडींनी भरून काढले जाते. कालवाने सोडलेले पाणी फेकावे की आटवावे यावर घराघरांत मतभेद असले, तरी बटाटा घातला की वाद संपतो, कारण ते सारे पाणी तोच पितो. परिणामी पातेल्यातील कालवाची चव सर्वांत निष्ठेने कोणी राखली असेल तर बटाट्याने, आणि हे सत्य लहान मुलांना शास्त्रज्ञांच्या आधी कळते. ती ताटातली कालवे बाजूला सारून बटाटे उचलतात, मोठी माणसे दोन्हींवर हक्क सांगतात, आणि त्या दिवशी बाजारात भाव काय होता, हे विचारण्याऐवजी पातेल्यातल्या फोडी मोजल्या जातात.